लपवलेली गोळी

मी भिवंडीत एका मेडिकलच्या काउंटरवर काम करते. फार्मसीचा डिप्लोमा केला त्याला आता नऊ वर्षं झाली. आमच्याकडे दोनच वस्तूंसाठी गिऱ्हाईक काळी पिशवी मागतं: सॅनिटरी पॅड आणि मानसिक आजाराच्या गोळ्या. शुगरची गोळी लोक उघड्या हातात घेऊन, ओळखीच्यांशी गप्पा मारत घरी नेतात. रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिन घ्यायचं असेल तर दुकान रिकामं होण्याची वाट पाहतात. चिठ्ठी उलटी करून पुढं सरकवतात. कोणी विचारलेलं नसतं, तरी सांगतात की शेजाऱ्याने आणायला सांगितलंय.

पॅडच्या काळ्या पिशवीबद्दल आपल्या पिढीने बरंच लिहिलं आणि बोललं. गोळीच्या काळ्या पिशवीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: ही औषधं जपून घ्यायची औषधं आहेत, त्यांचे दुष्परिणाम खरे आहेत. पण काउंटरच्या या बाजूने मला जे दिसतं त्यावरून सांगते, गोळीने होतं त्यापेक्षा जास्त नुकसान गोळी लपवल्याने होतं. रुग्णापासून लपवतात, डॉक्टरपासून लपवतात, सासरपासून लपवतात. आणि डॉक्टरही आपल्यापासून बरंच काही लपवतात.

आधी या गोळ्यांची ओळख करून घेऊ

ज्या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, घरचेच आपल्याविरुद्ध कट करताहेत अशी पक्की खात्री वाटते, बोलण्याचा धागा तुटत जातो, त्या आजारांवरची ही औषधं. यांना अँटिसायकोटिक म्हणतात. स्किझोफ्रेनियात ती देतात, बायपोलर आजारातल्या उन्मादातही देतात. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अ‍ॅरिपिप्राझोल, क्लोझापिन ही नावं तुम्ही कुठल्या ना कुठल्या चिठ्ठीवर पाहिली असतील. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन संदेश पोचवतं, त्या संदेशाचा जोर ही औषधं कमी करतात. काहींनी झोप येते, म्हणून लोक त्यांना झोपेच्या गोळ्या समजतात. त्या झोपेच्या गोळ्या नाहीत. त्यांची नशा होत नाही आणि दारू-गांजासारखी तलफही लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया आहे. तीन हजार वस्तीचा मोहल्ला धरला तर दहा माणसं होतात. तुमच्या मोहल्ल्यातलं असं एकही माणूस तुम्हाला ठाऊक नसेल, तर ती दहा माणसं कुठल्या खोल्यांत बसली आहेत याचा विचार करा.

'ही सगळी अंग्रेजी दवा, आपली नव्हे' असं म्हणणाऱ्या बुजुर्गांसाठी एक गोष्ट. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मानसिक आजारावर वापरलं गेलं आणि आजच्या औषधांची सुरुवात झाली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेच्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं, तेही काही वर्षं याच आजारांवर वापरात होतं. सर्पगंधा म्हणजे युनानी हकिमांची असरोल, लोकांच्या बोलीतली पागल बूटी. त्याही आधी, १९३१ साली, सलीमुज्जमा सिद्दिकी यांनी याच मुळातून एक द्रव्य काढलं आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलिन हे नाव दिलं. म्हणजे वेड्यावर औषध असतं ही गोष्ट आपल्या हकिमांनाही ठाऊक होती. आपणच ती विसरलो आणि आजार जिन्नाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो.

मात्र याच गोष्टीची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जडीबुटीत ताकद असते, म्हणून तिच्यात धोकाही असतो. रेसर्पिन मागं पडलं ते दुष्परिणामांमुळे. त्याने रक्तदाब उतरतो, उदासी येते. डॉक्टरची गोळी चालू असताना वरून अशी पुडी दिली तर माणूस उभा राहता राहता कोसळू शकतो. काही भस्मांत आणि कुश्त्यांत शिसं, पारा सापडलेला आहे. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे वाक्य आमच्या धंद्यात सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे.

चहातली गोळी

'बाजी, अशी गोळी द्या जी चहात कळणार नाही.' ही मागणी मला नवी नाही. मुलगा औषध घेत नाही, कारण आपण आजारी आहोत हेच त्याला मान्य नाही. आई थकलेली असते, अब्बा हताश असतात. मग वास नसलेलं, चव नसलेलं द्रावण चहात किंवा सरबतात जातं. त्या आईवर रागावणं मला जमत नाही. तरी हा रस्ता चुकीचा आहे हे सांगणं भाग आहे.

पहिलं कारण साधं आहे. रिस्पेरिडोनच्या द्रावणाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की ते चहात किंवा कोलात मिसळू नये, कारण तिथे ते टिकत नाही. म्हणजे ज्या चहाच्या भरवशावर घर बसलेलं असतं, त्या चहातून औषध नीट पोचतच नाही. दुसरं, कपातला अर्धा चहा कोणी प्यायला, उरलेला धाकट्या भावाने संपवला, तर कोणाच्या पोटात किती गेलं याचा हिशेब राहत नाही. तिसरं, ज्याला औषध चाललंय हेच ठाऊक नाही, तो आपली मान आखडते, पाय थरथरतात, हे डॉक्टरला औषधाशी जोडून सांगणार कसा? तो बाहेर जाऊन सर्दीची गोळी घेईल, मित्रांसोबत दारू पिईल, रिक्षा चालवेल, लूमवर उभा राहील.

चौथं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. 'मला कोणीतरी खाण्यातून काहीतरी घालतंय' हा या आजारातला नेहमीचा संशय आहे. तो भ्रम आहे असं आपण त्याला समजावतो, आणि स्वयंपाकघरात जाऊन तो भ्रम खरा करतो. एक दिवस त्याला ते कळतं. त्यानंतर तो त्या घरात पाणीसुद्धा पीत नाही, आणि डॉक्टरवर तर कधीच विश्वास ठेवत नाही.

मग करायचं काय? आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, तो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. ज्याला समजून निर्णय घेता येतो, त्याच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत. ज्याला त्या घडीला तो घेता येत नाही, त्याच्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधी आणि डॉक्टरच्या देखरेखीखालची भरती, अशी उघड वाट कायद्याने ठेवली आहे. दोन किंवा चार आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनंही मिळतात, रोजच्या गोळीचं भांडण त्याने मिटतं. हे सगळं रुग्णाशी बोलून करावं लागतं. वेळ लागतो, पण चहापेक्षा खात्रीचं आहे.

रमजान आणि डॉक्टर

शाबान संपत आला की आमच्याकडे या गोळ्यांची विक्री कमी होते. ईदनंतर त्यातली काही घरं नव्या, जास्त ताकदीच्या चिठ्ठ्या घेऊन येतात. मधल्या महिन्यात काय झालं हे विचारावं लागत नाही.

इथं दीनचा प्रश्न आणि औषधाचा प्रश्न एकमेकांच्या विरोधात उभे नाहीत, आपण ते उभे केले आहेत. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजारी माणसाला सवलत आहे. नंतर कजा करता येते, कायमचाच आजार असेल तर फिदयाची वाट आहे. शुगरवाल्या अब्बांना आपण हे हक्काने सांगतो. मनाचा आजार असलेल्या मुलाला मात्र सांगतो, 'रोजा ठेव, दिमाग साफ होईल.' आजारांत हा भेदभाव कुठल्या किताबात लिहिलाय, ते कोणीतरी मला दाखवावं.

आणि ज्याला रोजा ठेवायचाच आहे, त्याने तो ठेवावा की नाही हे ठरवण्यासाठी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरला भेटावं. 'साहेबांना काय सांगायचं, ते मना करतील' म्हणून गप्प राहू नये. बऱ्याच गोळ्या रात्री एकदाच घ्यायच्या असतात, त्यांची वेळ इफ्तारनंतर बसवता येते. काही दोनदा असतात, त्यांचं गणित डॉक्टर नव्याने मांडू शकतात. स्नायूत घेतलेल्या, पोषणासाठी नसलेल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. पण काही गोष्टी घरच्या घरी ठरवता येत नाहीत. लुरासिडोन ही गोळी भरल्या पोटी घ्यावी लागते. नुसत्या खजुरावर घेतली तर शरीरात उतरणारं औषध निम्म्यावर येतं. अँटिसायकोटिकबरोबर कोणाला लिथियमही चालू असतं. दिवसभर पाणी नसेल तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते: हात जोरात थरथरतात, उलट्या होतात, चाल लडखडते. बायपोलर असलेल्याला उपासापेक्षा तुटलेली झोप जास्त घातक ठरते. तरावीह, मग मित्रांसोबत नाक्यावर सेहरीपर्यंत जागरण, असे आठ दिवस गेले की उन्माद उसळू शकतो.

बिडी-सिगारेटचंही असंच आहे. तंबाखूच्या धुराने ओलान्झापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून धूम्रपान करणाऱ्याला डोस जास्त लागू शकतो. त्याने सिगारेट एकदम सोडली तर तोच डोस अंगावर येतो. सिगारेट सोडावीच, पण डॉक्टरला सांगून सोडावी. मुलगा सिगारेट ओढतो हे अब्बांना कळू नये म्हणून डॉक्टरपासूनही लपवलं जातं, तेव्हा डोसचा सगळा हिशेब चुकतो.

आता सगळ्यात फसव्या गोष्टीकडे येते. गोळी बंद केली की पहिले काही आठवडे बरं वाटतं. सुस्ती जाते, चेहऱ्यावर तरतरी येते, भूक आवरते. घर म्हणतं, 'बघा, गोळीनेच बिघडलं होतं.' आमिल म्हणतो, तावीज लागू पडलं. पण आजार त्या दिवशी उलटत नाही. तो काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उलटतो, आणि तोवर गोळी बंद केल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. काही औषधं अचानक थांबवली तर उलट्या, घाम, निद्रानाश, अस्वस्थपणा हे वेगळंच. क्लोझापिन दोन दिवसांहून अधिक चुकलं तर पूर्वीच्या डोसवर परत उडी मारायची नसते, डॉक्टर ते पुन्हा अगदी थोड्यापासून सुरू करतात. गोळी कमी करता येते, काहींची बंदही होते. पण महिनोन् महिने, पायरी-पायरीने, डॉक्टरच्या नजरेखाली. कोणतीही गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही.

निकाहच्या आधी

'शादी करून टाका, सुधारेल.' हा सल्ला आपल्याकडे डॉक्टरपेक्षा आधी मिळतो. मुलगा असेल तर आजार लपवून लग्न होतं, आणि परक्या घरातून आलेली मुलगी फुकटची नर्स बनते. कपाटात सापडलेली स्ट्रिप घेऊन नवरी मुली माझ्याकडे येतात. 'बाजी, ही कसली गोळी आहे?' मुलगी आजारी असेल तर मांडव पडण्याआधी तिची गोळी बंद केली जाते, म्हणजे सासरी सापडायला नको. नवं घर, नवी माणसं, मोडलेली झोप, आणि औषध बंद. याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही.

या लपवण्याच्या बाजूने जो युक्तिवाद आहे, तो मी हलका समजत नाही. खरं सांगितलं तर मुलीला स्थळ येत नाही, धाकट्या बहिणींचीही लग्नं अडतात. आईबापांची भीती खोटी नाही. पण लपवल्याने ती भीती टळत नाही, लांबते. आजार उलटला की तो सासरीच उलटतो, तेव्हा फसवणुकीचा आरोप वेगळा येतो, आणि मुलगी गोळीशिवाय माहेरी परत येते.

कायद्याबद्दलही लोकांच्या मनात घोळ आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानुसार नवरा दोन वर्षं वेडा असेल तर बायको न्यायालयात विवाहविच्छेद मागू शकते. ते संरक्षण हवंच. पण गोळी चालू असणं आणि 'वेडा' असणं एक नव्हे. २०१७ च्या कायद्याचं तिसरं कलम स्पष्ट सांगतं की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस आपोआप विकल मनाचा ठरत नाही, ते न्यायालयाने ठरवावं लागतं. गोळी घेऊन नोकरी करणारा, लूम चालवणारा, घर सांभाळणारा माणूस वेडा नाही. उपचारात असलेला माणूस आहे. त्याच्या निकाहात एकच अट हवी: दुसऱ्या बाजूला आधी सांगितलेलं असावं.

मूल हवं असेल तर तेही आधी सांगायचं. दिवस गेल्याचं कळताच घाबरून गोळ्या फेकून देणं आईला आणि बाळाला, दोघांनाही धोक्याचं. उलट, याच चिठ्ठीवर कधी कधी व्हॅल्प्रोएट असतं. ते अँटिसायकोटिक नाही, पण गर्भाला त्यापासून मोठा धोका असतो. त्यामुळे बदल करायचा तो दिवस जाण्याआधी करायचा. सासूपासून लपवून गोळी घेणाऱ्या सुनेला हे विचारण्याची संधीच कुठे मिळते?

डॉक्टर आणि दुकानदार काय लपवतात

आतापर्यंत मी आपल्या घरांबद्दल बोलले. आता चिठ्ठी लिहिणाऱ्यांबद्दल आणि माझ्या स्वतःच्या धंद्याबद्दल.

ओपीडीत दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडते. 'चालू ठेवा' एवढंच सांगितलं जातं. रिस्पेरिडोनने पाळी बंद होऊ शकते, बाळ नसताना छातीतून दूध येऊ शकतं, हे तरुण मुलीला कोणी सांगत नाही. मग घरात तिच्या चारित्र्यावर संशय घेतला जातो. ओलान्झापिनने वजन भराभर वाढतं, शुगर आणि चरबी वाढते. म्हणून सुरुवातीला आणि नंतर ठरावीक अंतराने वजन, कंबर, शुगर, चरबी तपासायची असते. किती जणांची तपासणी होते? क्लोझापिनमुळे क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. त्यासाठी सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासतात, आणि ताप, घसादुखी आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. त्याच औषधाने होणारं बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतं, पण संडासबद्दल बोलायला सगळ्यांनाच लाज वाटते.

एक गोष्ट तर प्रत्येक मोहल्ल्यात फलकावर लिहून ठेवावी. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर, तरुण मुलांची मान एका बाजूला वळते, जबडा आखडतो, डोळे वर चढतात. पाहणाऱ्याला वाटतं, अंगात कोणीतरी आलं. पोराला उचलून आमिलकडे नेतात, तिथे मिरच्यांची धुरी देतात. हा औषधाचा दुष्परिणाम आहे, दवाखान्यात एका इंजेक्शनने तो बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरतो. घशाचे स्नायू आखडले तर श्वास अडू शकतो, म्हणून थांबायचं नाही. तसंच, पाय एका जागी ठरत नाहीत, बसवत नाही, आतून तगमग होते, ही तक्रार आजार वाढल्याची नसून औषधाची असू शकते. आणि जोराचा ताप, लाकडासारखं ताठ अंग, घाम, भान हरपणं, हे सगळं एकत्र आलं तर तापाची गोळी देऊन वाट पाहायची नाही, लगेच मोठं रुग्णालय गाठायचं. ही दुर्मिळ पण जीवघेणी अवस्था आहे.

लूमच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. या गोळ्यांनी शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता कमी होऊ शकते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बारा तास उभं राहणाऱ्याला उष्माघात लवकर गाठतो. हेही कोणी सांगत नाही.

हे सांगणं म्हणजे डॉक्टरची मेहरबानी नाही. २०१७ च्या कायद्याच्या २२ व्या कलमाने आजार काय, उपचार काय आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम काय, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगणं बंधनकारक केलं आहे. तेव्हा विचारा. दुसरं रांगेत कोणी ओरडलं तरी विचारा.

माझ्या धंद्यातही चांगले आणि वाईट दोन्ही आहेत. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी दोन वर्षांपूर्वीच्या चुरगळलेल्या चिठ्ठीवर ती दिली जातात. चार गोळ्या कापून दिल्या की स्ट्रिपवरचं नाव किंवा मुदतीची तारीख उडते. एकाच औषधाची दहा नावं असतात, म्हणून जुनी आणि नवी दोन्ही पाकिटं चालू ठेवून लोक नकळत दुप्पट डोस घेतात. गोळी बदलून मिळाली तर आतलं औषध तेच आहे का, हे दुकानदाराला विचारण्यात काही कमीपणा नाही.

आणि आपल्या दादी-नानींबद्दल. विसराळू झालेली, रात्री ओरडणारी म्हातारी माणसं गप्प राहावीत म्हणून क्वेटियापिन किंवा रिस्पेरिडोन सर्रास दिलं जातं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ सालीच दिला आहे. कधी दुसरा इलाज उरत नाही आणि थोडे दिवस ती द्यावी लागतात. पण 'दादी शांत झाली' म्हणून तीच चिठ्ठी वर्षभर फिरवत राहणं हा उपचार नाही.

लपवण्याचं शेवटचं टोक

लपवत गेलं की शेवटी काय होतं, हे या देशाने एकदा पाहिलं आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी इथं, दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या एका खासगी ठिकाणी आग लागली. तिथे ठेवलेल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. २८ जण मेले. त्यांना तिथे आणून सोडणारी त्यांचीच घरं होती, आणि त्या घरांना गावात तोंड दाखवायचं होतं. आज कायद्याच्या ९५ व्या कलमाने साखळीला बंदी आहे. साखळी लोखंडाचीच असावी लागत नाही, मागच्या खोलीची बाहेरून लावलेली कडीही साखळीच आहे.

त्याउलट गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' हा उपक्रम चालला. आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले, आणि मुजावर लोकांना दुआबरोबर तिकडे पाठवू लागले. दर्गा मोडला नाही, कोणाचा ईमान गेला नाही. जे तिथे जमतं ते आपल्या मशिदींच्या आणि दर्ग्यांच्या दारात का जमू नये, हा प्रश्न तुम्ही तुमच्या ट्रस्टींना विचारा. तरुणांनी नाही विचारला तर कोणीच विचारणार नाही.

कोणाला सांगायचं

मी कोणाला गळ्यात पाटी अडकवून फिरायला सांगत नाही. आजाराची गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे, तोही याच कायद्यात आहे. मोहल्ल्याला सांगायची गरज नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या खानदानी ग्रुपला तर अजिबात नाही. पण काही माणसांना कळल्याशिवाय ही गोळी सुरक्षित राहूच शकत नाही. सगळ्यात आधी स्वतः रुग्ण. घरातलं एक भरवशाचं माणूस. मानसोपचारतज्ज्ञ, आणि तुम्ही दाताला, सर्दीला, बाळंतपणाला ज्यांच्याकडे जाता ते प्रत्येक डॉक्टर. औषधाचा दुकानदार. आणि लग्न होत असेल तर होणारा नवरा किंवा बायको.

या माणसांसाठी एक छोटी वही करा. त्यात गोळीचं मूळ नाव, डोस, वेळ, कधी सुरू झाली, काय त्रास झाला, वजन, शुगर आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहा. बरं वाटत असताना, डोकं शांत असताना, 'माझी तब्येत बिघडली तर मला असे उपचार द्या, असे देऊ नका' हेही लिहून ठेवता येतं. कायद्याने त्याला आगाऊ निर्देश म्हणून जागा दिली आहे. सरकारी उपचारासाठी आपल्या राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, जिल्हा रुग्णालयांतही ओपीडी चालते. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.

तुमच्यापैकी कोणी स्वतः ही गोळी घेत असेल तर त्याला माझा सांगावा आहे: तू कमजोर ईमानाचा नाहीस. तुझ्या गोळीबद्दल तुझ्याइतकी माहिती घरात दुसऱ्या कोणालाही नसावी. आणि ज्यांच्या घरात कोणी घेत असेल त्यांना विनंती आहे: उद्या चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाल तेव्हा ती सरळ धरा, नाव मोठ्याने वाचा, आणि दुकानदाराला विचारा, 'ही जेवणाआधी की नंतर?' समाजसुधारणेच्या मोठ्या गोष्टी आपण वर्षानुवर्षं करत आलो आहोत. त्यातली एक या प्रश्नापासून सुरू होते.